डोरोथीच्या कापडावरची तारीख

२० ऑगस्ट २००७, सोमवार

जग दहा ऑक्टोबरला संपणार आहे. बुधवार आहे. डोरोथीने आज चहा ओतता ओतता सांगितलं आणि लगेच विचारलं, तुझं शिवणाचं मशीन अजून चालतं ना?

लंडनला, इल्फर्डच्या या घरात आल्यापासून ही शेजारीण. भिंतीला भिंत. तिचा धर्म काहीतरी वेगळाच आहे एवढं माहीत होतं, खोलात कधी शिरले नव्हते. पंथाचं नाव ‘जागे’. तिच्या पणजोबांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळात काढला. एके काळी हॉल भरायचा म्हणे. आता दोघंच उरलेत – ही, आणि साउथएंडच्या नर्सिंग होममधले मिस्टर हॉलिस, ज्यांना काही ऐकू येत नाही.

कपाटावरून तिने एक मोठी गुंडाळी काढायला लावली. पणजोबांनी रंगवलेलं कापड – जग कसं संपणार त्याचं चित्र. कसर लागली आहे. त्या दिवशी फ्रंट रूममध्ये टांगायचं तर आधी दुरुस्त करायला हवं, आणि तिची बोटं आता वळत नाहीत. ड्रायक्लीनरकडे जन्मभर लोकांच्या पँटी आखूड केलेली बाई शेजारी असताना ती दुसऱ्या कोणाला कशाला विचारेल? मी हो म्हणून बसले!

घरी नवऱ्याला, सियोनना, सांगितलं. म्हणाले, मग बॉयलरवाल्याला पंधरा ऑक्टोबरला कशाला बोलावलंयस?

२२ ऑगस्ट

कापड आमच्या जेवणाच्या टेबलावर मावत नाही. दोन्ही बाजूंनी लोंबतंय.

पणजोबा बेकरीवाले होते. चित्रकला कोणी शिकवली नव्हती, ते दिसतंच. पण काय जीव ओतलाय! मधोमध तो पुतळा – सोन्याचं डोकं, चांदीची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय, पावलं मातीची. आपल्या यहुद्यांच्याच दानिएलच्या पोथीतलं. लहानपणी बाबांकडून ऐकलेलं इथे असं टेबलावर भेटेल वाटलं नव्हतं. पंख असलेला सिंह भिजलेल्या मांजरासारखा झालाय. बिचाऱ्याने सिंह पाहिला असेल कुठे? चार डोक्यांच्या चित्त्याची चारही तोंडं माणसांची आहेत आणि चौघंही रागावलेत. डोरोथी म्हणते, ते पणजोबांचे मेहुणे.

पायथ्याशी तारीख. खरं म्हणजे तारखेवर तारखा. पणजोबांनी काढलेला दिवस आला आणि गेला. मग काय करणार? त्यावर ठिगळ लावलं आणि दोऱ्याने नवी तारीख भरली. तीही गेली. पुन्हा ठिगळ. पंथातलं जे माणूस शेवटचं गेलं असेल त्याच्या कपड्यातून ठिगळ कापायचं, आणि हयात असलेल्यांत जो वडीलधारा त्याने हिशोब मांडून तारीख सांगायची, अशी रीत. सध्याची, दहा ऑक्टोबरची, तिच्या वडिलांनी सांगितलेली, आजीच्या झग्याच्या तुकड्यावर. बोट फिरवलं की थर लागतात.

आधी हसू आलं. मग आलं नाही. आपणही मशीहाची वर्दी आणणाऱ्या एलियाहू हन्नाबीची वाट बघतोच. मलिद्याचं ताट मांडतो, त्याचं नाव घेतो, तो येत नाही, आणि आपण पोहे-खोबरं वाटून खातो. आपण तारीख लिहीत नाही, एवढंच.

३ सप्टेंबर

सिंह झाला. मेहुणे झाले. मागून मलमलीचा आधार दिला, रंग उडालेल्या जागी हात लावला नाही. काम आवडायला लागलंय – सियोन म्हणतात, या बाईला आता आपल्या जेवणाची शुद्ध नाही.

११ सप्टेंबर

खालचा कोपरा आत दुमडून टाके घातलेले होते. आज उसवला.

आत आम्ही आहोत.

डोंगरावर पांढऱ्या झग्यातली ‘जागी’ माणसं. खाली दाढीवाले, टोपीवाले, बायका, मुलं. अर्धे गुडघ्यांवर, हात जोडून त्यांच्या येशूपुढे. उरलेले अर्धे आगीत. कोणाला संशय राहू नये म्हणून वर अक्षरंही रंगवलीत – यहुदी परत येतील, ती शेवटाची खूण.

आम्ही इथे राहायला आलो त्या दुपारी ही केक घेऊन दारात उभी होती. रस्त्यावर दुसरं कोणी बोलत नव्हतं आमच्याशी, उलट काय काय ऐकवत होते. हीच एक. माझ्या मुलाला शाळेत सोडणं, डॅनिएला जन्मली तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर बसणं – ते सगळं यासाठी? चित्रातली जागा भरायला माणसं मिळाली म्हणून?

डोरोथीचं – नाही, मिस पीलचं – कापड गुंडाळून ठेवलं. यापुढे मिस पीलच.

१२ सप्टेंबर

उद्या आपलं नवं वर्ष. दरवर्षीसारखी तिच्या झाडाची सफरचंदं आली. सियोननी दार उघडलं. मी वरून खाली गेले नाही.

२४ सप्टेंबर

किप्पूरचा उपास झाला, पण निम्मा फुकट गेल्यासारखा वाटतोय. देवाची माफी मागायच्या आधी माणसांशी मिटवायचं असतं. सिनेगॉगमध्ये बसून मी हिच्याशीच मनात भांडत होते. शेवटी आज गेले.

विचारलं, “मी तुझी शेजारीण आहे की खूण?”

डोरोथीने काही सारवासारव केली नाही. म्हणाली, “आधी खूण होतीस.”

मग सांगितलं. आमचं सामान उतरत होतं तेव्हा तिची आई पडद्याआडून बघत होती. बॉम्बेचे ज्यू, आपल्या रस्त्यावर! म्हातारी आनंदाने रडली. केक तिनेच पाठवला होता.

“आणि मग तुझ्या मुलाला कांजिण्या झाल्या,” डोरोथी म्हणाली. “तू तीन रात्री झोपली नव्हतीस. त्यानंतर मी कशासाठी येते ते विसरूनच गेले. तो कोपरा मीच शिवून टाकला. तुझ्याकडे कापड देताना आठवलंच नाही.”

मला बरं वाटायला हवं होतं. पण तोंडून निघालंच – त्या दिवशी आम्ही गुडघ्यांवर की आगीत? तुझा विश्वास आहे ना यावर?

आहे, म्हणाली. खिडकीबाहेर बघत राहिली. मी घरी आले. रागही धड उरला नाही आणि समाधानही नाही.

९ ऑक्टोबर

कापड नेऊन टांगून दिलं. काम अर्धवट टाकायची सवय नाही मला. तो कोपरा उघडाच ठेवलाय. खोटं कशाला दाखवायचं?

मिस्टर हॉलिसना नर्सिंग होमवाले सोडत नाहीत. म्हणजे उद्या ती एकटीच. नियमाप्रमाणे बाहेरच्यांनी तिथे बसायचं नसतं. नसू दे.

१० ऑक्टोबर

गेले. राहवलं नाही.

इस्त्रीचा पांढरा झगा, केस नीट बांधलेले, खिडक्या सताड उघड्या आणि खोलीत गारठा. मला बघून तिने परत जा म्हटलं. मी खुर्ची ओढली. मग तिने माझा हात धरला तो दिवसभर सोडला नाही. चांगलाच दुखतोय.

एक कळलं नाही. जन्मभर ज्याची वाट बघितली तो दिवस, आणि बाई थरथरत होती. थंडीने नाही, भीतीने. आकाशाकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होती. बाहेर गाडीचं दार आपटलं तरी दचकायची.

अंधार पडल्यावर मी खिडक्या लावल्या आणि सूप गरम केलं. ती निमूट प्यायली. मला तिची फार दया आली. सकाळी उठून ही बाई काय करणार?

११ ऑक्टोबर

जग आहे. डोरोथीला सर्दी झाली आहे.

१४ ऑक्टोबर, रविवार

नव्या ठिगळासाठी तिच्या बहिणीचा, इनिडचा, निळा एप्रन कापला. शेवटची गेलेली तीच. आणि वडीलधारी आता डोरोथीच, तेव्हा तारीख तिने सांगायची. मी खडू पुढे केला. तिने वाकड्या बोटांनी सावकाश लिहिलं – २२०७.

म्हटलं, हा कुठला हिशोब?

“हिशोब केलाच नाही,” ती म्हणाली. “बुधवारी येशू आला असता आणि तू माझ्या शेजारी बसलेली होतीस. तू गुडघे टेकणार नाहीस, मला माहीत आहे. तुझी मुलंही नाहीत.”

तिची आई, इनिड, सगळी तिला त्या दिवशी भेटणार होती. ऐंशी वर्षं तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि दोनशे वर्षांनीही कोणी असेलच ना आमच्यातलं? तेच विचारलं, रडत रडत.

तिने खडूचे हात झग्याला पुसले. म्हणाली, “असतील. पण त्यांना मी ओळखत नाही. त्यांचं देव बघेल.”