भिंतीवरची अज्ञात तरुणी

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). मोतीबिंदू काढल्यापासून तू सुईत दोरा ओवतेस, असं तुझ्या लेकीकडून कळलं. तेव्हा हे पत्र स्वतः वाच, सुनेकडून वाचून घेऊ नकोस.

शहराच्या वाढदिवसानिमित्त आपल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या भिंतीवर सध्या उजेडाची चित्रं दाखवतात. (भिंत रंगवायचा कंटाळा, म्हणून उजेड फासतात, असं माझं मत होतं, अजूनही आहे.) मी जाणार नव्हते, पण शेजारीण हात धुऊन मागे लागली. अंधार पडला आणि भिंतच विरघळली गं! आधी नदी आली, वरच्या मजल्यावरून, खिडक्या ओलांडत, जरासुद्धा आवाज न करता. मग होड्या आल्या, मग दगडावर दगड चढत पूल झाला. सगळी माणसं निळी दिसत होती आणि शेजारणीचं तोंड चक्क मिटलेलं होतं (याची इतिहासात नोंद व्हावी). आणि मग एक्स्चेंजच्या जुन्या फिल्ममधली एक मुलगी चार मजली उंच उमटली. स्विचबोर्डासमोर पाठमोरी, कानांवर हेडफोन, हातात प्लग. तिने तो खोचला मात्र, उजेडाच्या तारा निघाल्या आणि छपरांवरून घराघरांत गेल्या. एक माझ्या खांद्यावर येऊन थांबली. माझ्या तोंडून हळूच "नंबर प्लीज" निघून गेलं. शेजारणीने स्वतःचा नंबर सांगितला.

तेवढ्यात खाली अक्षरं आली : 'अज्ञात तरुणी'. अज्ञात! तू तिथल्या नोकरीतून सहा वर्षांत लग्न करून सुटलीस. कॉन्व्हेंटच्या उच्चारांवर नोकरी मिळवून एकतीस वर्षं अख्ख्या शहराची भांडणं, लग्नं आणि मरणं जोडून दिली ती मी. तडक प्रोजेक्टरवाल्याकडे गेले आणि म्हटलं, ती मी आहे. तो म्हणतो, "आजी, कालपासून तुम्ही सातव्या." सातव्या! (त्यांतली एक तर पोस्टातली होती, मी ओळखते तिला.) म्हणे पुरावा आणा, रविवारच्या शेवटच्या खेळात नाव घालू, नाहीतर अज्ञातच राहील. जिच्यावर सात जणी हक्क सांगतात तिला अज्ञात म्हणत नाहीत, एवढं तरी भाषेचं भान ठेवा, असं सुनावून आले.

तुझी,
धाकटी

ता. क. मुख्य काम राहिलंच. एक्स्चेंजच्या गच्चीवर काढलेला आपला फोटो तुझ्याकडे आहे. त्यात माझा अंबाडा स्पष्ट दिसतो. लगोलग पाठव.

आणखी एक ता. क. फोटो पाठवू नकोस. पत्र टपालात टाकायचं राहिलं आणि काल पुन्हा जाऊन अगदी पुढे उभी राहिले. ती मुलगी डाव्या हाताने प्लग खोचते. आपल्या सबंध पाळीत डावखुरी एकच होती. घरी येऊन बराच वेळ दिवा न लावता बसले.

शेवटचा ता. क. प्रोजेक्टरवाल्याला आज तुझं नाव लिहून दिलं, माहेरच्या आडनावासकट. माझा राँग नंबर लागला होता, असं सांगितलं. पण त्याला तू समक्ष हवी आहेस. रविवारी साडेसातच्या आत ये. बाकीच्या सहा जणींकडे मी बघते.