हातावरचं दही

सांगली, फेब्रुवारी १९७६

हवालदार लालासाहेब यांना नमस्कार.

आणीबाणी लागली त्या आठवड्यात तुम्ही आमच्या ह्यांना जेवत्या ताटावरून उठवून नेलंत. कुपवाडच्या कारखान्यात युनियन चालवली, एवढाच त्यांचा गुन्हा. तुमचं वाटोळं होईल, असं मी दारात ओरडले होते.

काल वाचनालयातली एक कादंबरी वाचत होते. महायुद्धात माणसांना घरातून काढून, मालगाडीत कोंबून परमुलखात धाडलं, त्याची. त्यात एक म्हातारी निघालेल्या लेकाला भाकरीचा तुकडा द्यायला जाते, तर शिपाई बंदुकीच्या दस्त्यानं तिच्या हातावर मारतो. पुस्तक मिटलं आणि तुम्ही आठवलात.

त्या दिवशी बाहेर जीपमधून तुमचा साहेब बोंबलत होता. तुम्ही उंबऱ्यात आडवे उभे राहिलात. म्हणालात, "वैनी, मानूस परगावी निघालाय. हातावर दही घाला. तवर मी हाय हितं." घाईघाईत निम्मं दही तुमच्या बुटावर सांडलं. तुम्ही पाय मागं घेतला नाहीत.

तो शाप मी परत घेते. पण हे पत्र टपालात कुणी फोडलं तर तुमचीच नोकरी जाईल, म्हणून ते चुलीत घालणार आहे.

आता बायकांनाही नेतात म्हणे. गल्लीत जीप थांबली की मी दाराच्या फटीतून बघते. माझी पाळी आली, तर तुम्हीच या. मी रोज विरजण लावते. दह्याची वाटी कुठं असते, ते आमच्या आठ वर्षांच्या मंजूला दाखवून ठेवलंय.

तुमची उपकृत,
जाई सोपान लोखंडे