टिटवीचं टोपण

राजारामपुरी, कोल्हापूर
खंडेनवमी, दुपार

प्रिय राजू,

राजारामपुरीतून शाहूपुरीला पत्र पाठवणारी बहीण साऱ्या गावात मी एकटीच असेन. चालत निघाले तरी तुझ्या दारात पोचेन, हे मला कळतं. मघाशी फोन केला होता, तेव्हा "आक्का, उद्या सोनं द्यायला येतो की, तेव्हा बोलू," म्हणून तू ठेवून दिलास. पण सोनं द्यायला येण्याआधी तू कोडोलीच्या मळ्यावर जाणार, लेकीला, निशिगंधाला शेजारी बसवणार आणि सीमोल्लंघन म्हणून आबांचं विमान, टिटवी, वर नेणार. ते तू करू नकोस. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. पण वाच.

तू आत्ता काय म्हणत असशील ते मला इथं बसून ऐकू येतंय. "आक्काचा हवामान अंदाज आला." खरंच आहे ते. तू लायसन्स काढलंस त्या वर्षापासून मी तुला एकदाही सुखानं उडू दिलं नाही. कधी वारं पडलंय म्हणून, कधी अमावस्या म्हणून. एकदा तर छातीत दुखतंय म्हणून तुला धावपट्टीवरून परत बोलावलं आणि डॉक्टरांनी मला ठणठणीत ठरवल्यावर तूच मला मिसळ खायला नेलंस. हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता मला त्याच हसण्याची भीती वाटते. माझं खोटं भिणं तू इतकी वर्षं लाडानं सहन केलंस, की खरं भिणं कसं दिसतं हेच तुला ठाऊक नाही. मलाही आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

आबांच्या त्या दोन सीटच्या जुन्या विमानाला टिटवी हे नाव आईला कधीच आवडलं नाही. टिटवीचं ओरडणं अशुभ, असं ती म्हणायची. आबा म्हणायचे, जमिनीलगत फिरते आणि लई कोकलते, मग दुसरं काय नाव ठेवायचं? बंद पडलेल्या कुठल्याशा क्लबातनं त्यांनी ते मोडकं धूड ट्रकवर घालून आणलं, उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्यात उभं केलं आणि पुन्हा उडवलं. तू तेव्हा लहान होतास, नंतर साताऱ्याला हॉस्टेलवर गेलास. त्यामुळं ऊस तुटलेल्या रानात आबा उतरले तो दिवस तू पाहिला नाहीस. मी आणि आई बांधावर उभ्या होतो. टिटवी डोक्यावरून गेली, आणि तिचा आवाज थांबला. नुसता थांबला, राजू. आईनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली. विमान शांतपणे खाली येत होतं आणि तेवढ्या शांततेत मला लांबच्या गुऱ्हाळाचं इंजिन ऐकू येत होतं. आबा सरीवरनं आदळत, उड्या खात थांबले आणि हसत बाहेर आले. "टाकीत पाणी शिरलंय, बाकी काय न्हाय!" म्हणाले. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. माझी भीती तिथली आहे, तिला अमावस्येशी काही देणंघेणं नाही.

पाणी शिरलं होतं ते टोपणातून. पंखाच्या मधोमध, बसणाऱ्याच्या डोक्यावर पेट्रोलची टाकी. तिच्या टोपणाला वरून एक बारीक भोक, आत हवा जायला. आपल्या पावसात त्या भोकातून पाणीही जायचं. आबांनी काय केलं, तर उद्यमनगरात स्वतः लेथवर बसून नवं टोपण कातलं. पाणी शिरू नये म्हणून त्याचं भोक आरपार नेलंच नाही. आणि हवा यावी म्हणून टाकीच्या माथ्यावरनं एक तांब्याची नळी काढून पंखाच्या खालच्या बाजूला सोडली. ती नळी वाकवताना तिचं दुसरं टोक मी धरलं होतं. डोकं चांगलंच चालवलं होतं त्यांनी. पण तुला आपली उद्यमनगरची खोड माहीत आहे. वस्तू नुसती चालून भागत नाही, ती हुबेहूब दिसायला लागते. मूळ टोपणावरची इंग्रजी अक्षरंसुद्धा त्यांनी जशीच्या तशी कोरली आणि वर, मूळ भोक होतं त्याच जागी, एक खोटं भोक पाडलं. नुसतं दिसायला. कुणाला ओळखू आलं नाही याचा त्यांना कोण आनंद! मी विचारलं, आबा, हे कुठं लिहून ठेवायला नको का? तर म्हणाले, "मूळपेक्षा भारी केलंय की! लिवायचं कशाला? माझं काम हीच माझी सही हाय."

ती सही वाचू शकणारी आता मी एकटी उरले आहे.

तुझ्या इंजिनिअरला, गुरुप्रसादला मी बोल लावत नाही, आधीच सांगते. मागच्या आठवड्यात तुम्ही दोघं जेवायला आलात तेव्हा तो पोरगा मला फार आवडला. बोटांना ग्रीसचा वास आणि प्रत्येक वाक्यात "कागद कुठाय?" या दुरुस्तीत टिटवीचा एकूण एक नट त्यानं मूळ नकाशाशी ताडून पाहिला. आबांनी काही बदल केले होते का, असं त्यानं तुला माझ्यासमोर विचारलं, आणि तू अभिमानानं म्हणालास, की आबांनी काहीही न बदलता तिला जशीच्या तशी ठेवली. मी आमटी वाढत होते. तू पुढं सांगितलंस, की पंखाखाली एक आगंतुक नळी निघाली, नकाशात तिचा पत्ता नव्हता, गुरुप्रसादनं ती काढून टाकली, भोक बुजवलं, वरून कापड लावून रंग दिला आणि सगळं रीतसर नोंदवलंही. मला वाटलं, किती व्यवस्थित मुलगा. तुझ्या ताटात आणखी भात वाढला. त्या नळीचं दुसरं टोक कधीकाळी माझ्या हातात होतं, हे मला आठवलंसुद्धा नाही.

आठवलं काल, कडाकण्या तळायला घेतल्या तेव्हा. तेलाचा नवा डबा होता. घाईत मी त्याला एकच भोक पाडलं. धार आली, गचके खाल्ले आणि बंद झाली. डबा भरलेला आणि तेल येईना. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायचं असतं, हे पोरीबाळींनाही कळतं. मी दाभण हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. टोपणाचं भोक खोटं. नळी काढली. मग टाकीत हवा जाणार कुठून? कढईतल्या कडाकण्या काळ्या झाल्या. तू म्हणशील, जमिनीवर इंजिन चालवून बघितलंय, मस्त चाललं. चालणारच रे. डब्यातूनही आधी धार येतेच.

पण रात्री पुन्हा शंका आली. हे खरं, की माझं नेहमीचं? इतकी वर्षं इतक्या गोष्टी रचल्यात, की स्वतःच्या आठवणीवरही माझा भरवसा उरला नव्हता. नळी दुसऱ्याच कशाची असेल. गुरुप्रसादनं टोपणही बदललं असेल. तुला फोन करून मी परत एकदा येडी ठरेन. म्हणून सकाळी पूजेचं तबक घेतलं आणि कोडोलीची एसटी धरली. दर खंडेनवमीला टिटवीला हळदकुंकू मीच लावते, त्यामुळं मळ्यावरच्या आकारामनं शेडचं कुलूप मुकाट्यानं काढून दिलं. हार घातला, नारळ वाढवला. मग त्याला म्हटलं, शिडी धर. तो दचकला. "आक्का, आज हत्याराला हात लावायचा नसतोय की," म्हणाला. माहीत आहे मला. वर्षभर सगळ्या वारांचे नियम तुम्हाला मीच ऐकवते. तरी चढले. आकाराम खालून सारखा "जपून, जपून" म्हणत होता. पंखावर ओणवी होऊन टोपण फिरवलं, काढलं, पदरानं पुसलं आणि त्या भोकाला तोंड लावून फुंकलं.

हवा गेली नाही, राजू. गाल फुगेपर्यंत फुंकलं. खालच्या बाजूला बोट धरलं होतं, त्याला वाऱ्याचा स्पर्शही नाही. ओठांवर पेट्रोलची चव, आणि डोळ्यांसमोर तू आणि निशिगंधा. हॉस्टेलवरून आल्याआल्या तिनं मला त्या उड्डाणासाठी घेतलेला गॉगल दाखवला होता. मी शिडीवरच रडले. आकारामला वाटलं मला आबा आठवले. तो म्हणाला, "मालक हायतच की हितं, आक्का." टाकीच्या तोंडावर स्वच्छ कापड दुहेरी बांधलं, त्यावर तबक पालथं घातलं आणि टोपण पिशवीत टाकून निघाले. वाटलं, सुटले. टोपणाशिवाय तू उडणार कसा?

एसटी पंचगंगेच्या पुलावर आली आणि मला आठवलं. आबा प्रत्येक वस्तू दोन करायचे. एक लावायला, एक ठेवायला. दुसरं टोपण शेडमध्येच आहे, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. ते मी माझ्या हातानं गुंडाळलंय. उद्या तू येशील, तबक बघून मला दोन शिव्या घालशील, पेटी उघडशील, आणि ते चकचकीत टोपण बघून तुझे डोळे भरून येतील. "बघ निशी, आबांनी सोय करून ठेवलीय," असं म्हणून तू ते लावशील. मला ते दृश्य इतकं स्पष्ट दिसलं, की शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं. मी टोपण चोरून संकट टाळलं नव्हतं. आबांनी केलं तेच केलं होतं. विमानात बदल केला आणि कुणाला कळवलं नाही.

उतरल्या उतरल्या तुला फोन केला, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. तुझ्या दारात येऊन सांगायचं, तर मी बोलायला लागले की रडते, मी रडले की तू हसतोस, आणि तिथंच सगळं संपतं. गुरुप्रसाद दसऱ्याला बेळगावला गेलाय आणि त्याचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून हा कागद, आजच माणसाच्या हाती पाठवतेय. टिटवीच्या पेट्रोलच्या टाकीचं टोपण आमचे वडील उदयसिंह यांनी बनवलेलं आहे, त्याचं भोक बंद आहे, हवेची वाट त्यांनी पंखाखालच्या नळीतून काढली होती आणि ती नळी आता काढून टाकलेली आहे. तसलंच दुसरं टोपण पेटीत आहे. आज खंडेनवमीला, मला कसलाही अधिकार नसताना, मी टाकीवरचं टोपण काढून घरी आणलं. हे सगळं मी शुद्धीवर, माझ्या हातानं लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे. भलत्या माणसानं विमानाला हात लावल्याचं कळलं, तर इंजिनिअरनं पुन्हा तपासून सही केल्याशिवाय ते उडवता येत नाही, हे तूच मला एकदा फुशारकीनं सांगितलं होतंस. आता तुला कळलं आहे. गुरुप्रसाद आला की हा कागद त्याच्या हातात दे. कडाकण्यांचा आणि रडण्याचा भाग त्यानं वगळला तरी चालेल, बाकीचा टिटवीच्या कागदांत लावू दे. मग आरपार भोकाचं टोपण करा, नाहीतर नळी परत घाला, पण जे कराल ते लिहा. त्याची सही झाली की टिटवी वर ने, मी अडवणार नाही. फक्त त्या दिवशी शेजारच्या सीटवर पहिल्यांदा मी बसणार आहे. निशिगंधा माझ्यानंतर. मी डोळे मिटून घेईन, तुझा दंड आवळून धरेन आणि वर असेपर्यंत एकसारखी बोलत राहीन. तू मात्र मला गप बस म्हणू नकोस. बोलत असले तरी इंजिनाच्या आवाजाकडं माझे कान लागलेले असतील.

तुझीच,
आक्का
(प्रियदर्शनी, उदयसिंह यांची थोरली मुलगी)