पालीला पाठवलेल्या विळ्यांच्या मुठी

मी, तुळसा कोम धाकू सुतार, वय अंदाजे साठ, राहणार हातखंबा, तालुका रत्नागिरी. धंद्याच्या जागी लेखकाने "घरकाम" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. धंदा: कोयत्या, विळे व सुऱ्यांच्या मुठींना तेल देणे. यजमान मूठ घडवत, ती हातात धरण्याजोगी मी करत असे. छातीत कळ येते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वळवलेले नाही. गोड बोलणारे माझ्याकडे फिरकतही नाहीत. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या नावाचे काय व्हावे, ते जिवंतपणी सांगून ठेवते.

कलम १. घरामागचा मांगर, जिथे मुठींचे काम चालते, तो यजमानांनी मरणापूर्वी बक्षीसपत्राने माझ्या नावे केला आहे. त्यावर दिराचा किंवा भाऊबंदांचा हक्क नाही. यजमानांनी तो मायेने दिला असे लोक म्हणतात. ज्या दिवशी तोंड उघडायचे होते त्या दिवशी त्यांनी ते उघडले नाही, त्याची ही भरपाई होती. मी ती घेतली, कारण जागा उपयोगाची होती. हा मांगर आतल्या हत्यारांसह आणि तेलाच्या बुधल्यांसह माझी एकुलती मुलगी काशी हिला मिळावा.

कलम २. काशीला काम येते. तरी लिहून ठेवते, कारण उद्या कोणीतरी तिला अक्कल शिकवायला येईलच. मूठ खरवतीच्या खरखरीत पानाने घासावी, उन्हात तापवावी, मग उंडीच्या बियांचे कोमट तेल पाजावे. लाकूड पिईल तेवढे पाजावे आणि उरलेले पुसून काढावे. पुसायचा कंटाळा केला की मूठ चिकट राहते. उंडी कडू, म्हणून लाकडाला कीड लागत नाही, आणि घामेजलेल्या हातातही मूठ फिरत नाही. स्वयंपाकाच्या सुरीला मात्र कोकमाचे तेल द्यावे, कारण उंडीचा वास खाण्याला लागतो. खोबरेल खवट होते आणि मुंग्या आणते. व्हार्निश फुकट मिळाले तरी लावू नये. दिसायला नवरीसारखे, आणि एका पावसात त्याचे पापुद्रे निघतात. काजूच्या टरफलाचे तेल होडीला उत्तम, कुंपणाच्या खांबालाही उत्तम, वाळवी जवळ येत नाही. पण ते कातडी भाजते. मुठीला त्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये.

कलम ३. दीर भागोजी यांनी मुंबईहून आणलेला व्हार्निशचा रिकामा डबा अजून माझ्या मांगरात पडून आहे, तो त्यांना परत द्यावा. दुसरे काहीही देऊ नये. कारण सांगते.

सन १९२३ साली काशीला पालीच्या महिपत यांच्या घरी दिली. लग्नानंतरच्या पहिल्या कापणीला माहेरून नवे विळे पाठवायची आम्हा सुतारांत रीत आहे, सासरच्या प्रत्येक माणसाला एक. त्या भाद्रपदात मी तापाने अंथरुणावर होते. पावसामुळे खाडीतली होडी बंद असल्याने उंडीचे तेल आले नव्हते आणि मुठी कोऱ्या पडल्या होत्या. भागोजी गणपतीला मुंबईहून आले होते. तिकडे फर्निचरच्या कारखान्यात चार खुर्च्या पुसल्या म्हणजे माणसाला लाकडातले सगळे कळते, असा त्यांचा समज.

"वयनी, तू पडून ऱ्हा. मुठींचा मी बघतंव," असे ते म्हणाले.

त्यांनी बघितले ते असे, की व्हार्निश पुरले नाही म्हणून होडीवाल्यांसाठी ठेवलेले काजूचे तेल मुठींना चोपडले. मुठी काळ्याभोर चमकू लागल्या. माझा हात लागण्याआधी फडक्यात बांधून पालीला रवाना झाल्या.

कापणीत घाम आला तसे ते तेल हाताला भिनले. घरातल्या चौघांच्या तळव्यांना फोड आले, कातडी सोलली, सासूला भाकरी थापता येईना. काशी तेवढी माहेरून नेलेल्या आपल्या जुन्या विळ्याने कापत होती. तिचे हात शाबूत राहिले, आणि तेवढ्यावरून ठरले की माहेरच्यांनी करणी केली. पोरीला आणून आमच्या दारात सोडली.

देवळाच्या अंगणात पंच बसले. मी सांगितले, मुठी माझ्या हातच्या नव्हेत. भागोजींनी नारळावर हात ठेवला आणि म्हणाले, "वयनीचा हात लागल्याबिगर ह्या घरातनं मूठ भायेर जात नाय, ता साऱ्या गावाला ठावं हाय." एरवी ते खरेच होते, म्हणून लोकांना ते पटले. यजमान जमिनीकडे बघत बसले. तेव्हापासून अकरा वर्षे बायका मला पाहून पोरे पदराखाली घेतात. विळे मात्र दुसऱ्याच्या हाती पाठवून माझ्याकडूनच तेल लावून नेतात. लोकांना माझी मूठ हवी होती, मी नको होते.

कलम ४. भागोजींची बायको हौसा हिला माझे हिरवे लुगडे द्यावे. तिला खरे माहीत आहे. बोलायची सोय नाही, म्हणून ती मागच्या दाराने येऊन नुसती बसत असे. लुगडे नवऱ्याला न दाखवता द्यावे.

कलम ५. माझ्या बाराव्याला हे मृत्युपत्र देवळाच्या अंगणात, भागोजींच्या देखत, रघू गुरव यांनी मोठ्याने वाचावे. त्या साली उंडीचे तेल आले नव्हते ही साक्ष अकबर हुसेन काझी देतील. तेल तेच पुरवत. जावई महिपत यांची दुसरी बायको गेल्या साली वारली. त्यांचा निरोप आला आहे की करणीची गोष्ट खोटी ठरली तर काशीला मानाने परत नेऊ. म्हणजे माझे नाव धुतले जाईल आणि पोरीचे घरही लागेल. बाकीची कलमे कोणी मोडली तरी चालतील, हे मोडू नये. मला दुसरी इच्छा नाही.

पुरवणी. वरील मजकूर सहीपूर्वी काशीसमोर वाचला. पाचवे कलम ऐकल्यावर तिने हातातले फडके खाली ठेवले. पुढचे बोलणे झाले तसेच मी लेखकाला लिहायला सांगितले आहे.

"आये, मना तवाच ठावं हुता," काशी म्हणाली. "फडका सोडला नि काजूचा वास आला. म्हनून तर मी माजा जुना इळा घेतला."

"मग त्यांना का नाय सांगितलंस?"

"आदल्या म्हयन्यात सासूनं माज्या पाठीवर तापला उलथना ठेवला हुता. माजे घरवाले दारात उभे ऱ्हाऊन बघत हुते. म्हटला, जलू देत ह्यांचे हात."

मग तीच म्हणाली, "मना हितं आनून सोडलान, तवा मी देवीला नारल ठेवला. आता तू ता देवलात वाचून घेतलास तर ते न्यायाला येतील, नि पंच मना धाडतील. आये, मी नाय जानार. हिरीत उडी घालीन."

अकरा वर्षे ही माझ्या शेजारी बसून मुठी पुसत होती. मला वाटे, ही मलाच दोषी धरते, म्हणून एकदाही विचारत नाही. आणि त्या दुःखाने मला कितीदा घास गेला नाही. भागोजींनी खोटे बोलून माझे नाव घालवले, हिने गप्प राहून. भागोजी परके. ही माझ्या पोटची. मला हिचा राग आला आहे आणि तो मरेपर्यंत जाणार नाही, हेही लिहून ठेवावे.

मांगर तिचाच. पाचवे कलम रद्द. हा कागद अकबर हुसेन काझी यांच्या पेटीत राहावा. मांगरावर कोणी दावा लावला तरच तो बाहेर काढावा, आणि तेव्हाही पहिले कलम तेवढे दाखवावे. माझ्या बाराव्याला रघू गुरव यांनी देवळाच्या अंगणात, पालीच्या लोकांना मुद्दाम बोलावून, एवढेच सांगावे की म्हातारीने मरताना करणी कबूल केली.

येथवरचे सर्व मला पुन्हा वाचून दाखवले. ते मी सांगितले तसेच आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, तुळसा कोम धाकू सुतार
दस्तुर बाबू गोविंद सावंत, लेखक

साक्षीदार:
१. अकबर हुसेन काझी, सही दस्तुर खुद्द
२. रघू भिकाजी गुरव, सही दस्तुर खुद्द. (सांगेन असे कबूल केले आहे, पण मनाविरुद्ध.)

मुक्काम हातखंबा, तालुका रत्नागिरी
वार शनिवार, तारीख ९ माहे फेब्रुवारी सन १९३५