डिझेलची काठी

मामंजी,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मला अजून अक्षर येत नाही. नातीला पुढ्यात बसवलं आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. पोरीची शाळा तेवढी चालवून घ्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सूनबाई, कागद कशाला नासतीस, हाक मार की." हाका मारून झाल्या. तुम्ही जिवंतपणी कुठं पहिल्या हाकेला ओ देत होतात, म्हणून आता द्याल.

मेंढरं विकून तुम्ही तो जुना ट्रक आणलात तेव्हा भावकी म्हणाली, तात्याला याड लागलं. तुम्ही ट्रकलाही मेंढरांसारखंच वागवलंत. किती खातो आणि किती चालतो, एवढाच हिशेब. टायरमधली हवा रोज बघायची. ताडपत्री ढिली ठेवायची नाही, फडफडली की वारा गाडीला मागं ओढतो. केबिनवरचा लोखंडी कठडा उगाच वजन म्हणून तुम्ही पहिल्याच आठवड्यात उतरवलात, आणि त्याच्यावर मी गोवऱ्या वाळत घातल्या. लेकाला शिकवताना म्हणायचात, "पाय असा ठिवायचा, निजलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठिवल्यागत. दाबलास की ते जागं हुतंय आन डिझेल मागतंय." आमच्याशी इतक्या मायेनं तुम्ही एकदाही बोलला नाहीत. आणि एक गोष्ट तुम्ही साफ बंद केली होती. उतार लागला की बाकीचे ड्रायव्हर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचे. तुम्ही म्हणायचात, "इंजन बंद केलं की ब्रेकाचं वारं संपतंय. मग पाय नुसता लाकडावर."

टाकीत किती डिझेल उरलं ते मापायला तुम्ही बांबूची काठी केली होती. विळ्यानं खाचा पाडलेल्या, बोटाएवढ्या अंतरावर. ती माझ्या हातात दिलीत आणि चारचौघांत म्हणालात, "हिला अक्षर येत न्हाय, म्हंजी हिला खोटं लिव्हता येणार न्हाय." मी पदराआड हसले, पण छाती फुगली होती. त्या घरात माझ्या शब्दाला तोवर कुणी विचारत नव्हतं. रोज सांजच्याला गाडी आली की मी झाकण काढायचे, काठी सरळ आत सोडायचे, ओल्या खाचा बघून ओरडून सांगायचे. मग टिपाडातलं डिझेल ओतून टाकी पुन्हा वरच्या खाचेपर्यंत भरायचे. तुम्ही बारामतीला जाऊन आलात की पाच खाचा कमी व्हायच्या. तुमचा लेक जाऊन आला की सहा. कधीच पाच नाही.

त्या दिवशी कांद्याच्या गोण्या लावायला निमगावचे दोघंतिघं बागायतदार आले होते. त्यांच्या पुढ्यात तुम्ही ह्यांना म्हणालात, "तुज्या हाती गाडी न्हाय, गाढाव द्याया पायजे हुतं. त्ये तरी थांबल्यावर खात न्हाय." सगळे हसले. मीही हसले, मामंजी, बोलणं तसं मजेदारच होतं. हे मात्र गोण्या भरून निघून गेले. सांजच्याला परत आले तेव्हा हातपाय न धुता माझ्याजवळच उभे राहिले. असे कधी थांबायचे नाहीत. तुम्ही बाजेवरून विचारलंत, "किती?" काठी सरळ सोडली असती तर सहाच निघाल्या असत्या. मी ती तिरकी धरली. तिरकी धरली की जास्त भिजते आणि डिझेल जास्त उरल्यागत दिसतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी ओरडले, "साडेचार! मामंजी, आता गाढाव तुमाला आणा!" तुम्ही उठून आलात, ओली काठी हातात घेऊन बघितलीत आणि परत दिलीत. ह्यांचं तोंड असं उजळलं की मी वरच्या दीड खाचेचं डिझेलही गुपचूप टाकीत ओतलं.

दुसऱ्या सकाळी गाडी न्यायची पाळी ह्यांची होती. तुम्ही चावी मागून घेतलीत. चहाही घेतला नाहीत. केबिनमध्ये तुमच्या शेजारी कांद्याचा मालक बसला होता. तो वाचला, त्यानंच सांगितलं. निमगावच्या अलीकडं ओढ्याचा उतार लागला आणि तुम्ही इंजिन बंद केलंत. तो म्हणाला, "तात्या, हे काय?" तुम्ही म्हणालात, "गप बस. आज पोराला दावतो." भरलेली गाडी, जुनी, वारं लवकर गळणारी. दोनदा ब्रेक लागला, तिसऱ्यांदा नाही. पुलाचा कठडा तोडून ओढ्यात. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर कांदे तरंगत होते आणि बाया-माणसं ओट्यात कांदे भरून नेत होती. तुम्हाला काढायला अजून दोन तास लागले.

त्यानंतर ह्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी गाडीचा विषय काढला की सांगतात, "एकडाव म्या तात्याला हरवलं, आन तात्या गेलं." त्या एका वाक्यात ऐटही असते आणि फाशीही. तुमच्या तिथीला ते जेवत नाहीत. मी वाढते, ताट परत नेते. खरं सांगितलं तर बाप मारल्याचं ओझं उतरेल, पण बापाला हरवल्याचा तो एकच दिवस जाईल, असं मी मला तीस वर्षं समजावत आले. ऐकायला बरं वाटतं.

आता नातीनं लेखणी खाली ठेवली. म्हणते, "आज्जी, आजोबांना मी सांगू?" मी म्हटलं, "माझ्या माघारी सांग." ती बिचारी मान हलवून पुन्हा लिहायला लागली. पण तुमच्यापाशी कशाला लपवू, मामंजी. ह्यांची छाती अलीकडं रात्रंदिवस घरघरते, आणि मी वाट बघते आहे की ते माझ्या आधी जावेत.