देवघरातला खटका

नाशिक,
ता. १४ फेब्रुवारी १९३७

प्रिय निसार,

गंगाधरचा सप्रेम नमस्कार. जैतुनबीअम्मांचा दमा कसा आहे? मालेगावची हवा त्यांना मानवली का? इकडे आम्ही सारे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

सव्वा वर्षात तुला एक ओळ धाडली नाही. शाळेच्या कामातून सवड झाली नाही, असं सांगणार होतो. पण ज्या शाळेत मी आता मास्तर आहे तिथंच आपण सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. तिथं काम किती असतं ते तुला मी काय सांगू?

यंदा मुलांना वीज शिकवायची आहे. वर्गात फजिती नको म्हणून आधी घरी आमच्या सौ. मालिनीपुढे तालीम करतो. गेल्या रविवारी पाटीवर बॅटरी, दिवा, खटका काढला आणि म्हटलं, "हे रहाटगाडगं समज. एका तारेनं वीज दिव्याकडे जाते, दुसरीनं परत येते. माळ पुरी असेल तरच दिवा लागतो."

ती म्हणाली, "मग माळ कुठंही तोडली तरी दिवा विझेल. खटका या तारेवर ठेवला काय नि त्या तारेवर ठेवला काय, सारखंच की."

"घरातल्या विजेत तसं नाही," मी म्हणालो. "जाणाऱ्या तारेवर तोडली तर भरली गाडगी दिव्यापर्यंत पोचतच नाहीत. परतीच्या तारेवर तोडली तर दिवा विझतो, पण भरली गाडगी तिथंच येऊन थांबलेली असतात. ओला हात लागला की अंगावर सांडतात."

मालिनीनं पाटीवरच्या खटक्यावर बोट ठेवलं. मग तिनं हळूच विचारलं, "आपल्या देवघरातला खटका कुठल्या तारेवर होता?"

मी पाटी पुसून टाकली.

काल नाशिक रोड स्टेशनवर तुझा भाऊ अन्सार भेटला. तिकडे एक मागवाला आपल्या विणकामाच्या कारखान्यात वीज घेतोय, पण तारांचं काम तुला द्यायला तयार नाही, म्हणाला. "नाशिकला भटजींना झटका दिला तो हाच ना, असं विचारतात. भाईजान काही बोलतच नाही, मास्तर. नुसता गप बसतो."

तू का गप बसतोस ते मला माहीत आहे. म्हणून आज लिहितो आहे.

पस्तीस साली दसऱ्याच्या आधी तू आमच्या घरात दिवे बसवलेस. देवघराशी आलास तेव्हा आमचे थोरले बंधू, ढुंढिराजदादा म्हणाले, "आत याचा हात लागता कामा नये." मग मी सोवळं नेसलो. तू उंबरठ्याबाहेर उभा राहून सांगत होतास, "गंगू, चिंधीवाली तार खटक्यात घाल. दिवा दोन्हीकडून विझतो, पण माणूस एकाच बाजूनं वाचतो." जाणारी तार ओळखता यावी म्हणून तू तुझ्या रुमालाची चिंधी फाडून तिला बांधली होतीस.

ती चिंधी मी उंबरठ्यावरच सोडून बाहेर टाकली. रबराची तार सोवळ्याला चालते, वापरल्या रुमालाची चिंधी चालत नाही. तू तेव्हा मेन बंद करायला ओसरीवर गेला होतास. आत जाऊन उकिडवा बसलो आणि कुठली तार कुठली ते मला आठवेना. तुला हाक मारून विचारायला हवं होतं. शिकला-सवरलेला मास्तर, लाज वाटली. अदमासानं जोडली. दिवा लागला, बटण दाबताच विझला. तू बाहेरून म्हणालास, "शाबास."

कार्तिकात दादा आंघोळ करून ओलेत्यानं देवघरात गेले. दिवा बंद करून, बल्ब काढून होल्डर पुसायला आत ओलं फडकं घातलं. पुढचं तुला ठाऊक आहे. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. यजमानाच्या हातावर पाणी सोडायचं तर पळी डाव्या हाताला आधार देऊन धरावी लागते.

त्याच दिवशी मी खटका उघडून पाहिला. तारा उलट होत्या. मी त्या गुपचूप बदलल्या, आणि गल्लीत लोक तुला बोल लावत होते तेव्हा तिथंच उभा राहिलो. देवघराला तुझा हात लागू दिला नाही, आणि अपघात मात्र तुझ्या हातचा ठरवला. तुझी सगळी कामं गेली. तू घर सोडून चाललास तरी मी वेशीपर्यंत आलो नाही.

आज सकाळी दादांना सगळं सांगितलं. त्यांनी आपली न वळणारी बोटं डाव्या हातात धरली. मग म्हणाले, "गल्लीत कुणाला बोललास?"

"अजून नाही."

"मग आता कशाला?"

मी उठलो आणि पोस्टातून पाकीट घेऊन आलो. संध्याकाळी गल्लीतही सांगणार आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभावच तसा आहे. एवढंच कर, हे पत्र फाडू नकोस. त्या मागवाल्याला दाखव, चारचौघांत वाचायला लाव. खरं वाटलं नाही तर मला बोलावणं धाड, मी येऊन तोंडानं सांगेन.

अम्मांना सलाम सांग. मी लिहिलंय हे कळल्यावर त्यांना तो घ्यावासा वाटला तर.

देवघरात ज्याचा हात लागला होता तो,
गंगाधर