‘कार्टी’ या हाकेवरील बंदी उठवण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
शिलाई कारखाना, पहिला मजला,
पंखा असलेली खोली.

विषय: माझ्या आईने मला ‘कार्टी’ म्हणण्यावर आपण घातलेली बंदी उठवण्याबाबत.
संदर्भ: शिवणखात्याच्या दारावर डकवलेला आपला आदेश.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, शिवणखात्यात इस्पितळाच्या चादरींना कडा घालते. शेजारच्या मशीनवर माझी आई बसते. आपल्या आदेशात ‘पीडित कामगार’ असा जिचा उल्लेख आहे, ती मी. मी कुणाकडेही तक्रार केलेली नाही, हे आधी नोंदवून घ्यावे.

२. तक्रार आईची होती. मुकादम तिला रोज सगळ्या खात्यासमोर ‘ए थेरडे, हात चालव’ म्हणतो. सुनावणीत आपण जाडजूड कोश उघडलात आणि सांगितलेत की, ‘थेरडा’ हा शब्द ‘स्थविर’वरून आला, स्थविर म्हणजे वयाने व ज्ञानाने थोर, सबब मुकादमाने आईचा मानच केला. ज्या शब्दाचे मूळ चांगले त्याचा राग मानू नये, असा निकाल दिलात. मुकादम दारातच फिदीफिदी हसला. त्याला स्थविर म्हणजे काय हे माहीत असेल, तर मी मशीन डोक्यावर घेऊन आपला जिना चढून दाखवीन.

३. आई मान हलवत सगळे ऐकत होती. निघताना तिने हात जोडले व ‘उपकार झाले, थेरडेसाहेब’ असे म्हटले. आई भाबडी की बेरकी, हे तिच्या पोटची असूनही मला आजवर कळलेले नाही. पण महोदय, कोश आपल्यासमोर उघडाच होता. पानही तेच होते. आपण त्याकडे ढुंकून पाहिले नाही. घंटी दाबलीत आणि आईला बाहेर काढायला पहारेकरी बोलावलात. तेवढ्यात शब्दाचे मूळ बदलले काय, याचा लेखी खुलासा व्हावा.

४. तेव्हापासून आपण आईवर डूख धरला आहे. ती मला ‘कार्टी’ म्हणते, हे मुकादमाने आपल्या कानावर घातले. आपण पुन्हा कोश उघडलात, या शब्दाचे मूळ अंत्यविधीशी जोडलेले म्हणून तो अभद्र, असे ठरवलेत आणि पुन्हा उच्चारल्यास आईला कामावरून काढू, असा आदेश डकवलात. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे ते हेच.

५. आईला ही नोकरी गमावणे परवडणारे नाही. जीभ घसरू नये म्हणून ती घरीही सराव करते. मला ‘अहो’ म्हणते. ‘जेवून घ्या, उशीर होतोय’ म्हणते. परवा माझ्या बोटात सुई घुसली. तिने मशीन थांबवले, तोंड उघडले, दारावरच्या कागदाकडे पाहिले आणि तोंड मिटले. नुसती बोट धरून बसली. मी पडले, तापाने फणफणले, नापास झाले, तेव्हा ‘अगं कार्टे’ म्हणतच तिने मला जवळ ओढले आहे. परवा मी बोटासाठी रडले नाही. मला आपला भयंकर राग आला आहे आणि तो या अर्जात झाकण्याची माझी इच्छा नाही.

६. आपला कोश शब्दाची आजी-पणजी सांगतो. पण शब्द कुणाच्या तोंडून कसा आला, हे आम्हाला इतक्या मशीनच्या खडखडाटातही ऐकू येते. आपल्यालाही येते, ती घंटी साक्षीला आहे.

७. सबब, आदेश दारावरून आपल्या हाताने काढावा व मुकादमाला समज द्यावी. तसे न झाल्यास, सोमवारपासून शिवणखात्यातील सगळ्या बायका आपल्याच निकालाचा मान राखून, फाटकापासून जिन्यापर्यंत आपल्याला त्याच थोर शब्दाने नमस्कार करतील. घंटी तपासून ठेवावी.

आपली नम्र (केवळ अर्जाची रीत म्हणून),

कार्टी
शिवणखाते, खिडकीकडचे मशीन

(हजेरीपटावर माझे दुसरे नाव आहे. त्या नावाने आई मला कधीच हाक मारत नव्हती. आता मारते.)